मामा, मोठा ट्रिगर गार्ड लावूया का?
आज रेंजवर सराव कमी, वाद जास्त. भाच्याच्या डोक्यात बसलंय, रायफलला मोठा ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, पाहिजे. का रे? तर म्हणे हातमोजा घालूनही बोट आरामात आत जातं. अरे बाबा, ती सोय बर्फातल्या लोकांची! सोलापूरच्या उन्हात, ४२ अंशात, कसले हातमोजे? १० मीटर एअर रायफलला हातमोजा असतो, पण तो रायफल पेलणाऱ्या डाव्या हाताला. ट्रिगरवरचं बोट उघडंच. आणि गार्ड असतो चुकून काही ट्रिगरला लागू नये म्हणून. ती जागा उगाच कशाला वाढवायची?

पटलं नाहीच. म्हटलं, निशाण्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आधी तो गाठ, मग बघू. गाल फुगलेले. येताना उसाचा रस पाजावा लागला, दोन ग्लास.