महाआघाडी कार्बाईन, अपडेट ४ : नऊपैकी सहा पक्ष आले, सरकार चालतंय

बरेच दिवस अपडेट टाकला नाही, सॉरी. (एकाच जुन्या रायफलमध्ये ती बनवणाऱ्या नऊच्या नऊ कंपन्यांचे पार्ट जमवतोय, शीर्षकातले पक्ष म्हणजे त्या कंपन्या.) सासू-सासरे आलेत सांगलीहून, आणि गॅरेजमधलं माझं बेंच तीन आठवडे दोन मोठ्या बॅगा आणि लोणच्याच्या बरण्यांखाली गाडलं गेलं होतं. मागच्या शनिवारी बॅगा वर गेल्या, रविवारी रायफल जुळली, काल रेंजवर ६० राऊंड मारून आलो. तीनदा अडकली, ते खाली सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. एम१ कार्बाईन, दुसऱ्या महायुद्धातली. कार्बाईन म्हटलं की आपल्या लोकांना पोलिसांच्या खांद्यावरची ती कानपूरची स्टर्लिंगवाली आठवते, तिचा हिचा काही संबंध नाही. ही लाकडी दस्त्याची, १८ इंच नळीची, जेमतेम अडीच किलोची सेमी-ऑटो (एकदा चाप ओढला की एक गोळी) रायफल, ड्रायव्हर, कारकून, तोफेवरची पोरं, ऑफिसर अशा लोकांसाठी केलेली, ज्यांना सव्वाचार किलोचा गॅरंड, म्हणजे साध्या सैनिकाची मोठी रायफल, वागवणं जमत नव्हतं आणि पिस्तुलाने काही लागत नव्हतं. ऑक्टोबर १९४१ मध्ये आर्मीने पास केली आणि डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. आता लाखांनी बनवायची कोणी? विंचेस्टर सोडली तर बाकीच्यांचा बंदुकीशी संबंध शून्य. टाईपरायटरवाले अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाले रॉक-ओला, गाडीचं स्टिअरिंग बनवणारे सॅगिनॉ, पोस्टाची मशीनं बनवणारे नॅशनल पोस्टल मीटर, आणि हो, आपल्या निम्म्या पब्लिकने ज्यांच्या प्रोजेक्टवर रात्री काढल्यात ते आयबीएम. आयबीएमने साडेतीन लाखाच्या आसपास कार्बाईन बनवल्यात हे ऑफिसात सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. सगळ्या मिळून ६० लाखांच्या वर, त्यातल्या २६ लाख एकट्या इनलँडच्या, म्हणजे जनरल मोटर्सचं ओहायोतल्या डेटनमधलं युनिट, माझ्या घरापासून ४० मिनिटं.

दहावी कंपनी पण होती, ग्रँड रॅपिड्सची अर्विन-पेडरसन, पण तिची एकही रायफल आर्मीने स्वीकारली नाही आणि शेवटी कारखाना सॅगिनॉकडे गेला. डिपॉझिट जप्त. म्हणून मी नऊच धरतो, आणि माझा हट्ट एवढाच की एकाच रायफलमध्ये नऊच्या नऊ कंपन्यांचा किमान एक तरी पार्ट पाहिजे.

बऱ्याच जणांनी मागच्या वेळी विचारलं की अरे इनलँडचा रिसीव्हर (रायफलचा मुख्य सांगाडा) आहे, इनलँडचीच बॅरल आहे, ७-४३ ची तारीख आहे नळीवर, मग सगळे इनलँडचे पार्ट गोळा करून करेक्ट का नाही करत, किंमत दुप्पट होईल. होईल की. पण मला ते पटत नाही आणि का ते सांगतोच एकदा. युद्ध चालू असतानाच या कंपन्या एकमेकींना पार्ट देत होत्या, एकीकडे बॅरल कमी पडल्या तर दुसरीकडून ट्रकभर यायच्या, त्यासाठी सगळ्यांची मिळून एक कमिटीच होती. म्हणजे फॅक्टरीतून बाहेर पडतानाच कितीतरी रायफली मिसळलेल्या. वर युद्ध संपल्यावर लाखो रायफली डेपोत परत आल्या, तिथे त्या पूर्ण खोलल्या, बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा तुकडा) एका पेटीत, हॅमर (चाप ओढल्यावर आदळणारा हातोडा) एका पेटीत, मापाचं गेज लावून जो बसला तो पास, रंग मारला आणि नवीन साईट, नवीन सेफ्टी, संगिनीचा बँड लावून परत बाहेर. कोणाचा पार्ट कोणाला गेला हे कोणी बघत बसलं नाही, कारण मुळात बघायची गरज पडू नये म्हणूनच सगळं एका ड्रॉईंगवर बनवलं होतं. माझ्या दस्त्यावर चौकटीत एए असा शिक्का आहे, ऑगस्टा आर्सेनल, जॉर्जिया. म्हणजे ही तिथून एकदा खिचडी होऊन आलेलीच आहे. आता तिला पुसून १९४३ ची कोरी इनलँड करायची म्हणजे आजीला शाळेचा युनिफॉर्म घालण्यासारखं आहे. ज्यांना करायचं त्यांनी करा, मी वाद घालणार नाही (घालतो खरं तर).

तर आत्तापर्यंतचा हिशोब. रिसीव्हर आणि नळी इनलँड. ट्रिगर हाऊसिंग अंडरवुड. मॅगझीन कॅच आयबीएम, त्याच्यावर बारीकसा बी आहे. स्लाईड सॅगिनॉ. एवढं मागच्या अपडेटला होतं. या वेळी दोन नवीन, विंचेस्टरचा बोल्ट आणि रॉक-ओलाचा हॅमर, आणि दोघांनीही चांगलाच घाम काढला.

बोल्ट आला तेव्हा आत जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं, त्यामुळे खोलणं भाग होतं. एम१ कार्बाईनचा बोल्ट ज्यांनी खोललाय त्यांना माहितीय, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाली तांदळाच्या दाण्याएवढा एक प्लंजर, म्हणजे बारीक पिन, आणि त्याच्यामागे स्प्रिंग असते, आणि ती स्प्रिंग कायम पळून जायच्या तयारीत असते. त्याचं स्पेशल टूल मिळतं. माझ्याकडे आहे ते टूल. आळस केला, म्हटलं बारीक पंचने होतंय, आणि टप्प असा आवाज आला आणि प्लंजर गायब. पाऊण तास गॅरेजमध्ये मी, बायको आणि सासूबाई तिघं टॉर्च घेऊन गुडघ्यावर. सासूबाईंना अर्ध्यातच विचारायची आठवण झाली की आपण नक्की काय शोधतोय. शेवटी फ्रीजच्या मागे कांद्याच्या जाळीत मिळाला. टूल वापरा रे, वीस-तीस डॉलरसाठी असली अब्रू घालवू नका.

हॅमरची गोष्ट वेगळी. ऑनलाईन घेतला होता, रॉक-ओला म्हणून, त्यावर आर चा शिक्का, पैसे जरा जास्तच मोजले कारण रॉक-ओलाने एकूणच कमी बनवल्या, दोन लाख अठ्ठावीस हजार आणि वर थोड्या. मी खूश. आता माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, यांचं अख्खं आयुष्य किर्लोस्करवाडीला टूलरूममध्ये गेलंय. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्यामुळे रायफलला हात लावायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, रिसीव्हर म्हणजेच कायद्याने बंदूक, तो माझ्या कपाटात कुलपात. सुटे हॅमर-स्प्रिंगा तेवढे बेंचवर. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग लावलं, हॅमर नखावर फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, हे अक्षर नंतर ठोकलंय." मी म्हटलं कशावरून. म्हणाले, "कडेला बर आलाय बघा, धार उठलीय, आणि खाली तळाला धातू चकाकतोय. आधी ठोकून मग रंग केला असता तर तळाशी पण रंग गेला असता की."

मी बघितलं तर अगदी बरोबर. बाकी अंगावर सगळीकडे फॉस्फेटचा करडा-हिरवट थर, आणि अक्षराच्या खाचेत मात्र पांढरं लखलखीत. कोणीतरी बिनशिक्क्याचा साधा हॅमर घेऊन त्यावर आर मारून विकला होता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पैसे परत दिले त्याने कुरकुर न करता, कदाचित त्यालाही कोणी असंच गंडवलं असेल. पण करेक्ट करेक्ट करणाऱ्या मार्केटने हेच होतं, पार्टापेक्षा अक्षराला जास्त भाव आला की अक्षरं उगवायला लागतात. अक्षरांबद्दल आणखी एक, बरेचदा दोन अक्षरं असतात, त्यातलं शेवटचं बहुतेक वेळा मूळ कंपनीचं आणि पहिलं ज्याने तो पार्ट बनवून पुरवला त्याचं. एसजी दिसलं तर सॅगिनॉ, एकटा एस असेल तर स्टँडर्ड प्रॉडक्ट्स असायची शक्यता. यात मी स्वतः दोनदा फसलोय. दुसरा हॅमर मग गन शोला एका म्हाताऱ्या बाबाच्या बिस्किटाच्या डब्यात सापडला, ४० डॉलर, खाचेत छान रंग आहे, अण्णांनी पास केलाय.

एक गोष्ट ज्यात मी गंमत करणार नाही. डब्यात हात घालताना एम२ चे पार्ट पण समोर येतात. एम२ म्हणजे हिचीच फुल-ऑटो बहीण. पोटबेली (पोटाशी जाड) दस्ता आणि गोल बोल्ट हे पुढे सगळ्याच रायफलींना लावले गेले, माझ्याही आहेत, त्यात काही नाही. पण सिलेक्टर (फुल-ऑटोवर न्यायचा खटका) आणि त्याच्या सोबतचा जो सेट आहे त्याला स्वस्तात मिळतोय म्हणून पण हात लावू नका, डब्यात ठेवायला पण घेऊ नका. आपण बाहेरून आलेली माणसं, फेडरल केस झाली की वकिलाच्या फीमध्ये घर जाईल. ज्यांचं अजून एच१बी आहे त्यांनी तर रायफल घ्यायच्या आधीच नीट चौकशी करा, नियम वेगळे आहेत.

जोडल्यावर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर, मी स्वतः चेक नाही केली, गनस्मिथकडे नेली. बोल्ट दुसऱ्या कंपनीचा म्हटल्यावर ते करायलाच पाहिजे. या काडतुसाला रिम नाही, ते केसच्या तोंडावर अडतं, त्यामुळे तिथे घोळ असला तर घोळच. १.२९० इंचाच्या गो गेजवर (यावर बंद झालाच पाहिजे) बोल्ट मऊ बंद झाला, नो-गोवर (यावर होता कामा नये) झाला नाही. ८० वर्षांपूर्वी न्यू हेवनला विंचेस्टरकडे बनलेला बोल्ट डेटनच्या रिसीव्हरमध्ये एक कानस न मारता बसला. अण्णांना घरी येऊन सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले त्यांच्याकडे एकाच शेडमधल्या दोन मशीनवरचे जॉब बसायचे नाहीत कधीकधी.

आता रेंज. पहिल्या मॅगझीनला १५ पैकी दोनदा बोल्ट पुढे येऊन जरासा आधी थांबला, पूर्ण बंद नाही. हाताने ढकलला की बसतोय. पहिला संशय मॅगझीनवर, कारण या रायफलीच्या निम्म्या तक्रारी मॅगझीनच्या असतात. बदललं, तरी परत एकदा तेच. मग पिस्टन, गोळीमागच्या गॅसने ढकलला जाऊन रायफलची यंत्रणा चालवणारा. लोक इथे लगेच गॅस पिस्टनचा नट खोलायला जातात, ते करू नका, नळी उघडी करून पुढे-मागे कलती करा, आत पिस्टन टिक टिक हलला पाहिजे, हलत असेल तर सोडून द्या. आर्मीने या काडतुसाला पहिल्यापासून न गंजवणारे प्रायमर (काडतूस पेटवणारी टोपी) दिले ते याच्यासाठीच की सैनिकाला तो भाग उघडायची वेळ येऊ नये. माझा मस्त हलत होता. राहिली रिकॉईल स्प्रिंग, बोल्टला परत पुढे ढकलणारी. काढून टेपने मोजली तर पावणेदहा इंच पण नाही, सव्वादहाच्या आसपास पाहिजे. बॅगेत नवी होती (पाच-सहा डॉलर, आधीच का नाही घातली याला उत्तर नाही), ती घातली आणि पुढचे ४० राऊंड एकदाही अडकली नाही. ती नवी स्प्रिंग कुठल्याच पक्षाची नाही, अपक्ष म्हणून धरा, सरकार तिच्यावरच टिकलंय.

ग्रुपिंग म्हणाल तर ५० यार्डावर बसून पाच राऊंड अडीच इंचात, १०० वर साडेचार-पाच. गोळी उजवीकडे जातेय थोडी. मागची साईट ॲडजस्टेबलवाली आहे त्यामुळे तीन क्लिकमध्ये आली मध्यावर. धक्का म्हणाल तर काहीच नाही, ११० ग्रेनची, म्हणजे साधारण सात ग्रॅमची गोळी. बायकोने पण दहा मारले आणि माझ्यापेक्षा चांगले मारले, त्याचा फोटो मुद्दाम टाकत नाहीये.

दस्त्याला सध्या कच्चं जवसाचं तेल चालू आहे, थेंबभर घ्यायचं, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, दोन दिवस सोडायचं. तिसरा हात झालाय. पॉलिश पेपर अजिबात मारलेला नाही, ऑगस्टाचा शिक्का आधीच पुसट आहे. पट्टा नवीन कॅनव्हासचा आणलाय, पण तो अडकवायला जी तेलाची नळकांडी दस्त्याच्या खाचेत बसवायची ती माझ्याकडची ढिली आहे, हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते. कोणाकडे जास्तीची असेल तर सांगा.

राहिले तीन. नॅशनल पोस्टल मीटर, क्वालिटी हार्डवेअर आणि स्टँडर्ड प्रॉडक्ट्स. पहिले दोन मिळतील सावकाश, घाई नाही. स्टँडर्डचा मात्र लवकर पाहिजे, कारण ती कंपनी पोर्ट क्लिंटनची, आपल्या ओहायोचीच, आणि पोर्ट क्लिंटनच्या अगदी शेजारी कॅम्प पेरी, जिथे उन्हाळ्यात कार्बाईन मॅच असते १०० यार्डावर. त्या मॅचला ही घेऊन जायची असं ठरवलंय, आणि जाताना गावचा एक तरी पार्ट आत असावा. एका माणसाने ट्रिगर दाखवलाय, एकटा एस आहे म्हणतो. क्लोज-अप फोटो मागवलाय, अण्णा भिंग पुसून बसलेत.