घाटमाथ्यावर ११ टक्के

इलेक्ट्रिक गाडीने घाट चढत असताना रेंजचा आकडा, म्हणजे उरलेल्या बॅटरीवर गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, बघू नका. अगदी कळकळीने सांगतेय. त्या एका आकड्यापायी बाबा आणि मी तासभर जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि एवढं घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे पलीकडे खाली उतरल्यावर कळलं.

सपाटीवरचा प्रवास सुरळीत झाला. रुंद रस्ता, ठिकठिकाणी चार्जर, वेळेवर मुक्काम. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा बॅटरीत ३७ टक्के होते आणि स्क्रीनवर १२० किलोमीटरची रेंज दिसत होती. पुढचा चार्जर ४० किलोमीटरवर, थेट माथ्यावर. म्हणजे लागणार त्याच्या तिप्पट हाताशी. तरी बाबांनी विचारलंच, "अगं, इथेच थोडं भरून घेऊया का?" तिथे मोठी रांग होती, वरचा चार्जर ॲपमध्ये हिरवा दिसत होता, म्हणून निघालो.

चढ लागला आणि रेंज कोसळायला लागली. एक किलोमीटर पुढे जावं तर स्क्रीनवरचे अडीच-तीन गायब. बाबा शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होते. ९८. ९५. ९१. त्यांना "वाचू नका" म्हणवेना, कारण माझीही नजर तिथेच होती. खाली दरी हिरवीगार होती म्हणे. मी पाहिली नाही.

अशा चढावर मला बर्था बेन्झ आठवते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना सोबत घेऊन, जर्मनीतल्या मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा पल्ला. पेट्रोल पंप नावाची गोष्ट तेव्हा जगात नव्हती. वाटेत वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन नावाचं इंधन विकत घेतलं, आणि चढ आला की मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच इंधन पुरेल का आणि चढ निघेल का, हे दोन्ही प्रश्न होते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीच ही धाकधूक नव्याने शोधून काढली, असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

चढावर बॅटरी जाते कुठे, याचा हिशेब साधा आहे. गाडी, सामान आणि आम्ही मिळून साधारण १९०० किलो. हे वजन १२०० मीटर वर उचलायला सहा युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. गाडी कोणतीही असो, चालवणारा कितीही सराईत असो, एवढी लागणारच. आमची बॅटरी ५० युनिटांची, म्हणजे नुसत्या उंचीचेच १२ टक्के. ४० किलोमीटर अंतर कापायचे वेगळे. पेट्रोलच्या गाडीलाही उंची फुकट मिळत नाही. पण लिटरभर पेट्रोलमध्ये नऊएक युनिट ऊर्जा असते, ४० लिटरच्या टाकीत साडेतीनशेच्या वर. त्यातली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते, तरी साठाच इतका मोठा की घाट चढल्याचं काट्यावर फारसं जाणवत नाही. आमच्याकडे साठा लहान, म्हणून प्रत्येक वळण दिसतं.

आणि रेंजचा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, अंदाज. मागच्या काही किलोमीटरमध्ये गाडीने किती वीज खाल्ली ते बघून गाडी पुढचं ठरवते. चढावर असताना तिच्या लेखी उरलेला सगळा रस्ता चढच असतो. काही गाड्यांचं नेव्हिगेशन पुढचा चढउतार धरून हिशेब करतं, पण समोर ठळक दिसणारा आकडा बहुधा मागे बघूनच काढलेला असतो. मी आता टक्के आणि उंची एवढंच बघते.

माथ्यावर पोचलो. ११ टक्के, रेंज १९ किलोमीटर. दाट धुकं, बोचरा वारा, आणि चार्जरचा स्क्रीन काळा. बटण दाबलं, गन (गाडीत खोचायचा चार्जरचा प्लग) काढून परत लावली, ॲपवरून सुरू करून पाहिलं. काही नाही. मदतीच्या नंबरवर नुसतं संगीत. यंत्रं बिघडतात, त्याचा मला राग नाही. राग आला तो मोबाईलवर तो चार्जर अजूनही हिरवा, "उपलब्ध" दिसत होता याचा. लोक बॅटरीला घाबरतात असं म्हणतात, पण माझ्या मते बॅटरीवर विश्वास बसायला फार दिवस लागत नाहीत. ज्याच्या भरवशावर निघालो तो चार्जर तिथे गेल्यावर चालेल की नाही, ही खरी भीती. बंद चार्जर बंद दाखवणं एवढं एक काम नीट झालं तरी निम्मी धाकधूक जाईल.

पुढचा चार्जर ३४ किलोमीटरवर. रेंज १९. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढे सगळा उतारच ना? किती खाली जायचंय?"

"अकराशे मीटर."

"मग चल. न्यूट्रलला टाकायची नाही."

बाबांनी उमेदीची वर्षं डिझेलच्या गाडीवर घाट चढण्या-उतरण्यात घालवली आहेत. ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा त्यांचा नियम. तिथे इंजिन गाडी अडवून धरतं आणि उताराची सगळी ताकद उष्णता होऊन हवेत जाते. आमच्या गाडीत तेच काम मोटर करते, फक्त अडवताना ती जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत येते. मी रिजन, म्हणजे गाडी अडवताना वीज परत मिळवायची ही सोय, सर्वांत जास्तीवर टाकलं, हीटर बंद केला, दोघांनी कोट चढवले, आणि निघालो.

पहिली बरीच वळणं ११ चा आकडा हललाच नाही. बाबा दर वळणाला वाचत होते. ११. ११. अजून ११. त्यांच्या आवाजातला ताण हळूहळू उतरत गेला तो मला स्पष्ट ऐकू येत होता. मधल्या एका लांब उतारावर ते एकदम ओरडले, "अगं, १२ झाले!" पंचाहत्तरीच्या माणसाला इतकं हरखलेलं मी क्वचित पाहिलंय. खाली पोचलो तेव्हा १३ टक्के होते. चढताना दिलेलं सगळं परत मिळत नाही, पण उतरताना ३४ किलोमीटर जवळजवळ फुकटात झाले. एक मात्र लक्षात ठेवा: बॅटरी भरलेली असेल तर रिजनची वीज ठेवायला जागाच नसते. त्यामुळे माथ्यावर शंभर टक्के भरून उतरायला लागणं शहाणपणाचं नाही.

खालच्या चार्जरवर दोन गन, दोन्ही अडलेल्या. एका गाडीतला माणूस ९३ टक्क्यांवर होता आणि सीट मागे टाकून झोपला होता. वेगवान चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो, सेल जपण्यासाठी गाडीच वीज कमी मागते. शेवटचे २० टक्के भरायला कधीकधी आधीच्या ६० टक्क्यांइतका वेळ जातो. मागे रांग असताना तिथे शंभरपर्यंत बसून राहणं हा मला निव्वळ असभ्यपणा वाटतो. दुसऱ्या गाडीत दोन लहान मुलं आणि त्यांची आई. तिने आमच्याकडे पाहून विचारलं, "वरून आलात? वरचा बंद आहे ना?" तिचे ६८ टक्के झाले होते. तिने तिथेच गन काढली. "मला पुढे पुरतंय, तुम्ही लावा." आम्ही आभार मानेपर्यंत ती मुलांना पट्टे लावून निघूनही गेली. या प्रवासात मुक्कामाच्या जागा चांगल्या होत्या, पण पाहुणचार म्हणावा तर हाच.

पुढचे दिवस सपाटीवर गेले. तिथे अडचण आलीच तर माझा उपाय एकच: वेग कमी करणे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरवरून ऐंशीवर आलं की तो ३६ टक्क्यांनी घटतो. एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

परतीच्या आदल्या रात्री बाबा कागद-पेन घेऊन बसले होते. "आता हाच उतार आपल्याला चढ आहे. त्याचे २५ धर. वरचा चार्जर नाहीच असं धर. पलीकडच्या उताराला शून्य. वर पोचल्यावर निदान २० हवेत."

"म्हणजे ४५."

"धुकं आणि थंडी आहे. हीटर लावायचाय मला. ६० शिवाय निघायचं नाही."

आम्ही ६० वर निघालो, हीटर लावून.