गेटिसबर्गला गेलात तर ब्रायनच्या घरापाशी थांबा

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली, तेव्हा ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तिथल्या काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी त्या लोकांनी जो त्याग केला त्याबद्दलचा आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. शाळेत इतिहास शिकवताना ही अर्पणपत्रिका मी दरवर्षी मुलांना वाचून दाखवायचे, आणि दरवर्षी माझ्या मनात यायचं की तो त्याग जिथे झाला ती जमीन आपण बघायला हवी. म्हणून गेल्या सप्टेंबरात मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले तेव्हा तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, नायगारा नंतर बघू, आधी गेटिसबर्ग. अमेरिकेच्या यादवी युद्धातली मोठी लढाई पेनसिल्व्हेनियातल्या या गावाभोवती झाली.

एडिसनहून गाडीने साधारण तीन ते साडेतीन तास लागतात. आय-७८ धरून हॅरिसबर्गच्या दिशेने जायचं आणि तिथून यूएस-१५ ने दक्षिणेला वळायचं. गेटिसबर्गला थेट रेल्वे नाही आणि रणांगण मैलोन्‌मैल पसरलेलं आहे, त्यामुळे स्वतःची गाडी हवीच. एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ आहेत, पण माझं ऐका आणि एक रात्र मुक्काम करा. आम्ही शनिवारी पहाटे निघून रविवारी संध्याकाळी परतलो, तरी वेळ पुरला नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात लढाईच्या स्मृतिदिनामुळे गर्दी फार असते आणि माळावर सावली जवळजवळ नाही. आमच्या वयाच्या माणसांना सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

रणांगणात शिरायला तिकीट नाही. तिकीट लागतं ते बाल्टिमोर पाइकवरच्या संग्रहालयाला, तिथला माहितीपट आणि सायक्लोरामा धरून. सायक्लोरामा म्हणजे पॉल फिलिप्पोतो या फ्रेंच चित्रकाराने १८८० च्या दशकात काढलेलं गोलाकार चित्र. ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच. मधोमध उभं राहिलं की लढाई चहूबाजूंनी आपल्याला वेढते. ते आधी बघा आणि मगच माळावर जा, म्हणजे कुठली टेकडी कुठे हे डोक्यात बसतं. शक्य असेल तर परवानाधारक वाटाड्या आधीच ठरवा. तो तुमच्याच गाडीत बसतो, स्वतः गाडी चालवतो आणि दोन तास सगळं समजावून सांगतो. चौघांत मिळून तो खर्च जड जात नाही, आणि वाटाड्याशिवाय हा माळ म्हणजे नुसते पुतळे. एकूण स्मारकंच १,३०० च्या वर आहेत, कोणतं बघायचं आणि कोणतं सोडायचं हे नवख्याला कळत नाही. लहान मुलं असतील तर ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. माझी दहा वर्षांची नात ती भरण्यासाठी प्रत्येक पाटी वाचत होती.

लढाई तीन दिवसांची, १ ते ३ जुलै १८६३. गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली होती, त्यांचा सेनापती रॉबर्ट ली सुमारे ७५,००० फौज घेऊन उत्तरेत घुसला होता. त्याच्यासमोर उत्तरेच्या जॉर्ज मीडची ९०,००० हून मोठी फौज. गावाची वस्ती होती जेमतेम २,४००. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. ४ जुलैला ली माघारी वळायच्या तयारीत होता आणि त्याच दिवशी तिकडे मिसिसिपी नदीवरचं दक्षिणेचं व्हिक्सबर्ग उत्तरेच्या हाती पडलं. युद्ध पुढे आणखी पावणेदोन वर्षं चाललं, पण उत्तरेवर एवढी मोठी चढाई ली पुन्हा करू शकला नाही.

लिटल राउंड टॉप ही सगळ्यांची आवडती टेकडी. दुरुस्तीसाठी ती बराच काळ बंद होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. वाटा आता चांगल्या आहेत, तरी गुडघे दुखत असतील तर काठी न्या. दारूगोळा संपत आल्यावर उत्तरेकडच्या मेन राज्याच्या विसाव्या पलटणीने इथून संगिनी रोखून खाली धाव घेतली, ती जागा झाडीत आहे आणि थोडं चालावं लागतं. सकाळी लवकर गेलात तर गाडी लावायला जागा मिळते. डेव्हिल्स डेनच्या खडकांवर मुलांना चढायला आवडतं. आम्ही तिथे अर्धा तास थांबलो, तेवढा पुरे.

तिसऱ्या दिवशीचा माळ मात्र गाडीतून बघू नका. व्हर्जिनियाच्या स्मारकापाशी उतरा, लीचा घोड्यावरचा पुतळा आहे तिथे. समोर गवतातून कापलेली पाऊलवाट दिसते. ३ जुलैला दुपारी तोफांचा भडिमार थांबल्यावर दक्षिणेचे सुमारे १२,५०० शिपाई याच उघड्या रानातून पलीकडे उत्तरेची फौज होती त्या सेमेटरी रिज नावाच्या टेकाडाकडे निघाले. अंतर मैलभर. आम्हाला अर्धा तास लागला. वाटेत एमिट्सबर्ग रोड आडवा येतो, त्यावर भरधाव गाड्या असतात, मुलांचा हात धरा. जावई गाडी घेऊन फेरा मारून पलीकडे आले. तुम्हीही एकाला असंच पाठवा, नाहीतर परतीचा मैल पुन्हा चालावा लागेल. लांबून सपाट दिसणारी जमीन चालताना वरखाली होते, त्यामुळे मधे मधे आडोसा मिळतो. पण रस्ता ओलांडला की आडोसा नाही, आणि समोरच्या दगडी कुंपणामागे तोफा होत्या. त्या हल्ल्यातले निम्म्याच्या आसपास लोक कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

कुंपण जिथे काटकोनात वळतं तिथे सगळे फोटो काढतात आणि गाडीत बसतात. तुम्ही उत्तरेला थोडं पुढे चाला. एक लहानसं पांढरं लाकडी घर आणि जवळच गोठा दिसेल. हे अब्राहम ब्रायनचं घर. ब्रायन हा स्वतंत्र काळा शेतकरी. १८५७ साली त्याने ही १२ एकर जमीन विकत घेतली होती. मेरिलँडची हद्द इथून दहा मैलांच्या आसपास, आणि त्या हद्दीपलीकडे माणसं विकली जात. लीच्या फौजेने पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर काळ्या माणसांना धरून दक्षिणेत नेलं. त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. म्हणून फौज येण्याआधीच ब्रायन बायकापोरांसह निघून गेला, गावातले बहुतेक काळे लोकही गेले. तो परतला तेव्हा भिंतींना गोळ्यांची भोकं पडली होती, कुंपणं मोडली होती, पीक तुडवलं गेलं होतं. त्याने सरकारकडे १,०२८ डॉलर भरपाई मागितली. हातात पडले १५.

इथे मी बराच वेळ बसले. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं की हे युद्ध गुलामगिरीच्या प्रश्नावरून झालं, आणि दिवसभर बघितलेल्या शंभर स्मारकांपैकी बहुतेकांवर पलटणीचं नाव, सेनापतीचं नाव आणि शौर्य एवढंच होतं. लढाई ज्याच्यासाठी झाली तो माणूस या एका घरात भेटतो. नातीने विचारलं, "आजी, घर त्याचंच होतं तर तो का पळाला?" तिला सगळं सांगायला संध्याकाळ झाली.

कोनाजवळ झाडांचा एक घोळका आहे, त्याला कुंपण घातलंय. दक्षिणेची फौज याच झाडांच्या रोखाने आली असं सांगतात. युद्धानंतर ही जमीन बेझिल बिग्ज या काळ्या शेतकऱ्याने घेतली. तो गुरांवर उपचारही करायचा. आपल्या मुलांना शिकता यावं म्हणून तो १८५८ साली मेरिलँड सोडून इथे आला होता. हे वाचलं तेव्हा मला पुण्यातल्या भिडे वाड्यातली १८४८ ची ती शाळा आठवली. बिग्ज ही झाडं तोडायला लागला होता. जॉन बॅचलडर या लढाईच्या इतिहासकाराने त्याला थांबवलं, म्हणून ती राहिली. आणि रानोमाळ घाईघाईत पुरलेले उत्तरेचे शिपाई उकरून राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचं काम केलं ते याच बिग्जच्या हाताखालच्या काळ्या मजुरांनी. ठेका होता शवामागे १.५९ डॉलर. २७ ऑक्टोबरला सुरू झालेलं हे काम मार्चपर्यंत चाललं. १९ नोव्हेंबर १८६३ ला राष्ट्राध्यक्ष लिंकन तिथे बोलायला उभा राहिला, तेव्हा निम्मेसुद्धा शिपाई पुरून झाले नव्हते.

राष्ट्रीय दफनभूमी संग्रहालयापासून जवळच आहे, तिथे चालत फिरा. ३,५०० हून अधिक शिपाई अर्धवर्तुळाच्या ओळींत आहेत. ९७९ जणांची ओळख पटली नाही, त्यांच्यासाठी जमिनीलगत संगमरवराचे छोटे चौकोनी दगड आणि त्यावर फक्त आकडा. लिंकनच्या आधी एडवर्ड एव्हरेट हा नामांकित वक्ता दोन तास बोलला, लिंकन दोन-तीन मिनिटं. लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य हे शब्द आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतात, ते इथले.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं, दोन्ही दिवस पुरलं. संग्रहालयात उपाहारगृह आहे. स्वच्छतागृह तिथेच उरकून निघा, माळावर ती फार थोड्या ठिकाणी आहेत. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइमचा ताप येतो, तेव्हा पूर्ण बाह्या, पायात मोजे, आणि रात्री मुलांच्या काखा नि मान तपासा. हातात दिवस असेल तर शेजारचं आयसेनहॉवरचं शेतघरही बघता येईल. दुसऱ्या महायुद्धातला तो सरसेनापती आणि नंतरचा राष्ट्राध्यक्ष. १९१८ मध्ये तरुण अधिकारी असताना त्याने याच माळावर रणगाड्यांची छावणी चालवली होती. आम्ही ते सोडलं.

ते सोडलं, कारण मला लिंकन सेमेटरीला जायचं होतं. ती माळावर नाही, गावात लाँग लेनवर आहे, आणि सहसा कुणाच्या यादीत नसते. राष्ट्रीय दफनभूमीत काळ्या शिपायांना क्वचितच जागा मिळाली, म्हणून गावातल्या काळ्या लोकांनी १८६७ मध्ये ही वेगळी केली. युद्धात लढलेले सुमारे ३० काळे शिपाई इथे आहेत. दगडांवर यू. एस. सी. टी. अशी अक्षरं कोरलेली आहेत, काळ्या पलटणींची ती खूण. इतरांचे शिपाई उकरून नेऊन पुरणारा बेझिल बिग्जही इथेच आहे. रविवारी दुपारी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. गाडी रस्त्याच्या कडेला लावा, दार लोटून आत जा, कबरी पायाखाली येणार नाहीत असं बघत चाला. नातीने बिग्जचा दगड शोधून काढला, पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर त्याचं नाव उतरवून घेतलं, आणि पावणेचारला आम्ही एडिसनच्या वाटेला लागलो.