डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन: बुडीत गावांचा नकाशा कुठवर आला

मंडळी, इंग्लंडमधल्या लेडीबाउअर जलाशयात बुडालेल्या दोन गावांचा घरटी नकाशा मी करतोय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. या हिवाळ्यात काम पुष्कळ पुढे सरकलं आणि त्याची दिशाही पालटली, म्हणून ही सविस्तर नोंद.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. शेफील्डच्या पश्चिमेला, डर्बीशरच्या उत्तर टोकाला डर्वेंट नदीचं खोरं आहे. डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या शहरांची तहान भागवायला 1899 साली पार्लमेंटच्या कायद्याने डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड स्थापन झालं. खोऱ्याच्या वरच्या अंगाला आधी हाउडन (1912) आणि मग डर्वेंट (1916) ही दोन दगडी धरणं बांधली गेली. खालची गावं तेव्हा वाचली. पाणी पुरेना, तेव्हा 1935 मध्ये त्यांच्या खाली लेडीबाउअरच्या मातीच्या धरणाचं काम सुरू झालं. 1943 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि 25 सप्टेंबर 1945 रोजी राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं. त्या पाण्यात दोन गावं गेली: अ‍ॅशॉप आणि डर्वेंट नद्यांच्या संगमावरचं अ‍ॅशॉप्टन, आणि त्याच्या वरच्या बाजूला डर्वेंट.

आधी मूळ नकाशाबद्दल. मैलाला 25 इंच या प्रमाणाचा, 19व्या शतकाच्या अखेरचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा मी पाया म्हणून घेतला. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने हे सगळे नकाशे फुकट बघायला ठेवलेत, जुना आणि आजचा शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येतो. या नकाशावर प्रत्येक शेताला आपल्या गट नंबरासारखा आकडा असतो आणि खाली एकरात क्षेत्र छापलेलं असतं, त्यामुळे जुन्या भाडेपट्ट्यातलं शेत नेमकं बोटाने दाखवता येतं. समोच्च रेषा मात्र त्यावर नाहीत, त्या सहा इंची नकाशावरून घ्याव्या लागतात. खरी कसरत जुना नकाशा आजच्या जमिनीवर बसवण्याची. गावातली एकही खूण आज जागेवर उभी नाही, रस्ते बदलले, हल्लीचे दोन्ही मोठे पूल धरणासोबतच झाले. म्हणून पाण्याच्या रेषेवर उरलेली शेतघरं आणि डोंगरउतारावरच्या दगडी बांधांचे कोपरे मी पक्के बिंदू म्हणून घेतले. हे बांध दोन्ही नकाशांत अगदी तंतोतंत जुळतात. असं काम करणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला: इमारतींपेक्षा बांधांवर भरवसा ठेवा.

घरं बसली की त्यांत माणसं बसवायची. 1911च्या जनगणनेचा कागद खुद्द कुटुंबप्रमुखाच्या हातचा असतो. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती हयात, किती गेली, हेही त्यात विचारलेलं आहे. एकेका घराचं दुःख त्या चार रकान्यांत सापडतं. 1921च्या जनगणनेत काम कुणाकडे करतो तेही नोंदलंय, त्यामुळे वॉटर बोर्डाच्या नोकरीत कोण होतं ते लगेच कळतं. पत्ते अर्धवट असतात तिथे 1911च्या प्रगणकांची सारांशवही वापरा. प्रगणक ज्या क्रमाने दारोदार गेला तो क्रम नकाशावर लावला की निनावी घरंही हळूहळू ओळखू येतात. एक काळजी मात्र घ्या. डर्वेंट नदी ओलांडली की पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेला गावविभाग, बदलतो, पलीकडे होप वुडलँड्स लागतं. एकाच वस्तीतले शेजारी त्यामुळे दोन वेगळ्या बाडांत विभागलेले असतात.

पुढची पंचाईत तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. 1931ची इंग्लंडची जनगणना डिसेंबर 1942 मधल्या आगीत जळून गेली, 1941ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे 1921 नंतर थेट 29 सप्टेंबर 1939चं रजिस्टर, युद्ध सुरू होताच केलेली देशभरची लोकनोंद. या गावांची अखेरची वर्षं नेमकी या खड्ड्यात पडतात. तिथे मतदारयाद्या कामी आल्या. 1928 पासून 21 वर्षांवरच्या सगळ्या बायकांची नावं त्यांत येऊ लागली, त्यामुळे घरात कोण नांदत होतं याचं चित्र त्यापुढे जास्त भरीव होतं. मॅटलॉकच्या डर्बीशर रेकॉर्ड ऑफिसमध्ये बसून या याद्या उतरवणं हा माझा या मोसमातला सर्वांत आनंदाचा उद्योग. डर्वेंटची ओळ जवळजवळ पुरी झाली आहे, अ‍ॅशॉप्टन अजून निम्म्यावर आहे.

वर दिशा पालटली म्हणालो, ती आठवणींमुळे.

लेडीबाउअर म्हटलं की लोक पाण्यात उभ्या असलेल्या चर्चच्या कळसाचं बोलतात. दुष्काळात पाणी उतरलं की कळस दिसतो, असं मला इथे कितीतरी जणांनी छातीठोकपणे सांगितलं. डर्वेंटच्या चर्चमधली शेवटची प्रार्थना 17 मार्च 1943 रोजी झाली. बाकी इमारत पाडली, कळस स्मारक म्हणून ठेवला. पण लोक पोहत, होड्या घेऊन त्याच्यापर्यंत जाऊ लागले आणि 15 डिसेंबर 1947 रोजी सुरक्षेचं कारण देऊन तो सुरुंगाने उडवण्यात आला. म्हणजे 1976, 1989, 1995, 2018 किंवा 2022, कुठल्याही कोरड्या वर्षी कळस कुणाला दिसणं शक्य नव्हतं. तरी ही आठवण मी खोडून टाकत नाही. पाण्यातल्या कळसाची पोस्टकार्डं घरोघरी होती, आणि बघितलेलं चित्र आणि बघितलेली जागा मनात एकजीव होतात. अशा आठवणी मी नकाशावर वेगळ्या रंगाने टाकतो.

याच्या उलट, यॉर्कशायर ब्रिज या वसाहतीत वाढलेल्या एका आजींनी मला सांगितलं की वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी कळस पाहिला, भोवती सगळं पाणी होतं आणि वडील एक शब्दही बोलले नाहीत. आजींचं वय आणि कळसाची तारीख लावून पाहिली तर मेळ बरोबर बसतो. हा प्रसंग 1945 ते 1947 मधलाच. मग मी विचारलं, कुठे उभे होतात? त्यांनी रस्त्याचं वळण सांगितलं, वाऱ्याची दिशा सांगितली. आता त्या वळणावर माझ्या नकाशात एक ठिपका आहे. गाव बुडालं तेव्हा त्या फार लहान होत्या, पण नव्या घरात नळ होता, न्हाणीघर होतं, आणि तरी आई जुन्या बागेतल्या गूजबेरीच्या झुडपांबद्दलच बोलायची, हे त्यांना लख्ख आठवतं. कुठल्याही रजिस्टरात ती झुडपं नाहीत.

यॉर्कशायर ब्रिज म्हणजे धरणाच्या पायथ्याशी वॉटर बोर्डाने बांधलेली पुनर्वसनाची वसाहत. तिथून निघालो आणि एकेक धागा बाहेरच जाऊ लागला. डर्वेंटच्या दफनभूमीतली प्रेतं उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरली. चर्चची घंटा डर्बी शहराच्या चॅड्सडन भागातल्या सेंट फिलिप्स चर्चमध्ये गेली. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला डर्वेंटचा 17व्या शतकातला अरुंद दगडी पूल तर चिऱ्याचिऱ्याला नंबर घालून उतरवला, वर्षानुवर्षं सांभाळून ठेवला आणि 1959 मध्ये हाउडन जलाशयाच्या वर, स्लिपरी स्टोन्सला पुन्हा उभा केला. आजही त्याच्यावरून चालत जाता येतं. 1672 साली बांधलेला डर्वेंट हॉल पुढे नॉरफोकच्या ड्यूकच्या इस्टेटीत होता, 1930च्या दशकात तिथे युथ हॉस्टेल होतं. तो मात्र पाडला गेला.

या गावांबद्दल बोलताना सगळे 'बुडालेलं गाव' म्हणतात आणि डोळ्यांपुढे पाण्याखाली छपरांसकट उभी घरं येतात. ते खरं नाही. गाव आधी मोडलं, वाटलं गेलं, आणि मग उरलेल्या जोत्यांवर पाणी आलं. म्हणून मी नकाशाचा दुसरा थर सुरू केला आहे: गावातली प्रत्येक गोष्ट, मेलेली आणि जिवंत माणसंसुद्धा, इथून कुठे गेली त्याच्या रेघा. मला आता हाच थर मुख्य वाटतो. पाणी उतरलं तरी डर्वेंटची जोती तेवढी दिसतात, अ‍ॅशॉप्टन गाळाखाली गेलंय, ते परत वर येण्याची आशा नाही. त्याचं जे काही सापडेल ते या रेघांच्या दुसऱ्या टोकालाच सापडेल.

हे मला इतकं लागून राहतं त्याला कारण आहे. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ बघायला गाड्यांची रीघ लागते, पण आमच्या घरच्या उंबऱ्याचं लाकूड कुणाच्या गोठ्याला गेलं, हे सांगणारी माणसं एकेक करून संपत चालली आहेत. डर्बीशरमध्ये ज्या चिकाटीने कागद जपले गेले, त्याच्या आधारे इथे निदान विचारता तरी येतं.

बर्चिन्लीचंही काम सुरू केलंय. वरची दोन धरणं बांधणाऱ्या मजुरांसाठी बोर्डाने पन्हळी पत्र्यांची आखीव वस्ती बसवली होती. शाळा, दवाखाना, पोस्ट, दुकानं, दारूचा गुत्ता, सगळं होतं. काम संपलं तशी ती उचलली गेली. पत्र्यांची घरं विकली, त्यातलं एक होप गावात अजून उभं आहे. जनगणनेच्या दृष्टीने ही वस्ती फार अवघड. 1901च्या गणतीवेळी ती नीट वसलीच नव्हती, आणि 1911 येईपर्यंत कामाचा भर ओसरू लागला होता. मधली वर्षं शाळेच्या दैनंदिन वहीतून आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींतून काढावी लागणार. ज्यांनी मजूरवस्त्यांवर काम केलंय त्यांनी कृपया कळवा, बाप्तिस्म्याच्या नोंदी कुठल्या पॅरिशमध्ये शोधायच्या याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

एक कळकळीची विनंती. पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तर गाळात उतरू नका. वरून कोरडा दिसणारा गाळ माणसाला कमरेपर्यंत गिळतो, 2018 मध्ये अडकलेल्यांना बचावपथकाने बाहेर काढलं होतं. त्याच वर्षी जोत्यांच्या दगडांवर लोकांनी आपली नावं कोरली, ते बघून मन विटलं. फोटो काठावरून काढा. शक्य असेल तर त्याच जागेवरून, त्याच दिशेने, दर आठवड्याला एक काढा. पाण्याची रेघ खाली सरकताना कुठली भिंत कधी उघडी पडते त्यावरून जोत्यांची उंची ठरवता येते.

आणि शेफील्ड किंवा डर्बीकडच्या कुणाच्या शेजारी, ओळखीत या खोऱ्यातली कुटुंबं असतील, तर त्यांच्याकडचे जुने फोटो बघायला मागा. पुढच्या बाजूइतकाच मागच्या बाजूचाही फोटो घ्या. पेन्सिलीने लिहिलेलं शेतघराचं एक नाव मिळालं तरी माझ्या अ‍ॅशॉप्टनच्या रांगेतलं एक घर भरतं.