त्याच पाच सुरांत मालकंस: गिटारच्या सरावाची नोंद

गेले काही महिने गिटार हातात घेतली की बोटं आपोआप पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जायची. ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलचा पहिला बॉक्स, म्हणजे बोटांची ठरलेली चौकट, त्यातली नेहमीची वळणं, आणि शेवटी चौथ्या तारेवर सातव्या फ्रेटचा तोच व्हायब्रॅटो, म्हणजे सुराला दिलेला कंप. नवे लिक्स (छोटे तयार तुकडे) बसवून पाहिले, तेही लवकरच त्याच वळणात मिसळून गेले. माझ्यासारखे इथे बरेच जण अडकलेले असणार, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. यातून बाहेर काढलं ते षड्जचालनानं. सूर तेच ठेवायचे, फक्त ‘सा’ दुसरीकडे न्यायचा.

बॉक्समधले सूर आहेत ए, सी, डी, ई, जी. ए ला सा मानला की धानीचे स्वर मिळतात. सी ला सा मानला की भूप. डी वरून मधमाद सारंग, जी वरून दुर्गा, आणि ई वरून सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि, म्हणजे मालकंस! नुसते स्वर जुळले म्हणून राग होत नाही, हे अर्थातच आहे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर सारखे, पण भूप गंधारावर रमतो आणि देशकार धैवतावर, आणि ऐकणाऱ्याला दोन वेगळे राग भेटतात. मला त्यातूनच पुढचं काम सापडलं: कुठल्या सुरावर थांबायचं हे नव्यानं शिकणं. बॉक्समध्ये मी कायम ए वरच थांबत होते.

मालकंस निवडला तो आवडीमुळे, पण स्टँडर्ड ट्यूनिंगही त्याच्या बाजूनं आहे. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुरा प ऐवजी म वर लावतात. गिटारवर सहावी तार ई म्हणजे सा, पाचवी ए म्हणजे म. तानपुरा आयताच हाताशी! चौथी डी म्हणजे नि, तिसरी जी म्हणजे ग. अडचण फक्त दुसऱ्या तारेची, कारण बी हा नेमका वर्ज्य पंचम. मी ती दोन स्वरस्थानं उतरवून ए केली. आता ई, ए, डी, जी, ए, ई अशा सगळ्या मोकळ्या तारा एकदम छेडल्या तरी रागाबाहेरचा एकही सूर नाही. हे ट्यूनिंग लावून एकदा नुसतं ऐकत बसा, इतकं सांगते. कॉर्ड न धरता गिटार एवढी भरलेली वाजते, हे मला ठाऊकच नव्हतं.

खरी मेहनत अंगठ्याची निघाली. ई आणि ए यांच्यात शुद्ध मध्यमाचं अंतर आहे, आणि अशा जोडीत कान वरच्या सुराला आधार मानायला लगेच तयार होतो. पाचवी तार जराशी जोरात वाजली की घर, म्हणजे सा, ए वर सरकतं आणि मालकंसाचा धानी होतो. त्यामुळे सहावी तार ठाम, पाचवी हलकी, असा अंगठ्याचा तोल सांभाळत वर एकाच तारेवर वाजवते. एकच तार घेतल्यानं बॉक्स हाताला सापडतच नाही. उतरवलेल्या दुसऱ्या तारेवर मोकळी तार म, तिसऱ्या फ्रेटवर ध, पाचव्यावर नि, सातव्यावर सा, दहाव्यावर ग, बाराव्यावर पुन्हा म. दोन फ्रेटमध्ये एवढी जागा दिसली की सुरांमधलं अंतर डोळ्यांनाही कळतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, मात्र सोपी नाही. तार ओढून सूर चढतो, आणि मालकंसाला म वरून ग वर उतरणारी मींड हवी. त्यासाठी दहाव्या फ्रेटवर तार आधीच म पर्यंत ओढून ठेवायची, मग छेडायची आणि हळूहळू सोडायची. तार सैल असल्यामुळे हे जमतं. तीच गोष्ट नि वरून ध साठी तिसऱ्या फ्रेटवर करायला गेलं की नटजवळ (दांडीच्या टोकाच्या पट्टीजवळ) तार फार कडक लागते, म्हणून तिथे सध्या स्लाइडवर, म्हणजे बोट तारेवरून सरकवण्यावर, भागवते. गिटारवादक ब्रिजभूषण काबरांनी शास्त्रीय संगीतासाठी हवाईयन गिटार (तारांवर सळई फिरवून वाजवायची) घेतली त्यामागचं कारण अशा वेळी बोटांना समजतं: सळईला फ्रेट आडवे येत नाहीत. तरी मला स्पॅनिशवरच, म्हणजे बोटांनी फ्रेट दाबून वाजवायच्या नेहमीच्या गिटारवरच, हे करायचं आहे. ओढलेली तार सोडताना सुराला जो ताण राहतो, तो मला स्लाइडपेक्षा जास्त भावतो.

मेट्रोनोम पूर्ण बंद आहे, आलापच चालू आहे. फोनवर रेकॉर्ड करून ऐकते तेव्हा ‘ध नि सा म, ग म ग सा’ एवढ्या ओळीत मध्यमावरचा मुक्काम आता ओळखू येतो. त्यानंतर येणारा ग अजून थोडा चढा लागतो, कारण तार पूर्ण सुटायच्या आत मी पुढे जाते.

पुढचा टप्पा दुर्गा. तिसरी तार जी म्हणजे सा, चौथी डी म्हणजे खालचा प, आणि दुसरी तार ए वरच ठेवली तर ती रे होते, तेव्हा ट्यूनिंग बदलायची गरज नाही. सहाव्या तारेचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ती ई वर ठेवली तर खर्जात धैवत घुमत राहतो. डी वर उतरवून पाहणार आहे. कुणी दुर्गा असा वाजवला असेल तर सहावी तार कुठे लावलीत ते जरूर सांगा.