काल्मोंटची वाट आणि मोझेलच्या बाटलीवरचं लेबल: जाणाऱ्यांसाठी

काल्मोंटबद्दल निघण्याआधी जे जे वाचलं आणि ऐकलं, त्यात ‘द्राक्षमळ्यांतली रम्य पायवाट’ एवढंच होतं. ते साफ चुकीचं आहे. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी एलर आणि ब्रेम या दोन गावांमध्ये हा डोंगर उभा आहे. काही ठिकाणी त्याचा उतार साठ अंशांपर्यंत जातो, आणि युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांत त्याची गणना होते. कड्याला आडवी कापत जाणारी वाट तीनेक किलोमीटरची आहे. तिच्यावर लोखंडी दोर आहेत, शिड्या आहेत, खडकात ठोकलेल्या पायऱ्या आहेत. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला ती जमते, हार्नेस लागत नाही. पण भारतातून आलेल्या आईबाबांना ‘चला, द्राक्षं बघू’ म्हणून इथे आणायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा.

एलरच्या बाजूने चढलं की सुरुवातीचा टप्पा किरकोळ आहे. खरा त्रास मधल्या घळींत. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि सगळा डोंगर स्लेटचा, म्हणजे पाटीच्या दगडाचा. हा दगड पापुद्र्यांनी सुटतो. सह्याद्रीतल्या बेसॉल्टवर ओल्यातही बुटाला कुठेतरी पकड मिळते. इथे पापुद्रा पायाखालूनच सरकतो. त्यावर बारीक घसारा. दोर घट्ट आहे, हात निर्धास्त राहतात, पण दोन दोरांच्या मधली मोकळी आडवी पावलंच वाईट आहेत. डाव्या हाताला काही नाही, थेट खाली रस्ता आणि नदी. त्यात समोरून माणसं येतात. एक कुटुंब सँडल घालून आलं होतं, लहान मूल अंगावर बांधलेलं. त्यांनाही कोणीतरी ‘रम्य पायवाट’च सांगितली असणार. त्यांना वाट देण्यासाठी एका वेलीच्या खुंटाला धरून उभा राहिलो, तेव्हा सांगणाऱ्यांचा खरोखर संताप आला.

माझं स्पष्ट मत: पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका, ऊन निघालं तरी जाऊ नका. उंचीची भीती वाटत असेल तर अजिबात नको. अशांसाठी माथ्यावरून वेगळी वाट आहे. ब्रेमभोवती नदी जे वळण घेते ते तिथून पूर्ण दिसतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू करा. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, सावली नावालाही नाही, पाणी दोन लिटर तरी घ्या. दगड कोसळल्यावर किंवा काढणीच्या दिवसांत वाट बंद असू शकते, तेव्हा आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा.

आणि तरीही मी म्हणेन, ज्याला जमेल त्याने हीच वाट करावी, कारण मोझेलची वाइन तिथेच कळते. रीझलिंग हे उशिरा पिकणारं द्राक्ष. पन्नास अक्षांशाच्या आसपास, एवढ्या उत्तरेला ते पिकतं कारण उभ्या उतारावर ऊन सरळ पडतं, आणि स्लेट दिवसभर तापून रात्री ती ऊब सोडत राहते. इथे आपल्यासारखा मांडव नाही. कित्येक जुन्या मळ्यांत प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधलेली असते आणि तिच्या फांद्या वाकवून पत्त्यातल्या बदामाच्या आकारात आणलेल्या असतात. ट्रॅक्टर चढतच नाही. माणसं आणि द्राक्षं एका रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून वरखाली जातात. छाटणी, बांधणी, काढणी सगळी हाताने. सपाट मळ्याच्या कित्येक पट मजुरी. ती परवडली नाही म्हणून सोडून दिलेले, झुडपांनी भरलेले दगडी बांध वाटेत ठिकठिकाणी दिसतात. ते बघून वाईट वाटलं.

म्हणूनच त्याच संध्याकाळी नदीकाठच्या एका पर्यटनगावात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. दुकानात लेबलवर उभ्या डोंगराचं चित्र असलेली बाटली खऱ्या उभ्या मळ्यातल्या वाइनच्या किमतीला गळ्यात मारली जात होती. आत वाइन होती ‘ग्रोसलागे’ची. १९७१च्या जर्मन वाइन कायद्याने अनेक गावांच्या मळ्यांतली वाइन, सपाटीवरचीसुद्धा, एका नामांकित गावाच्या नावाखाली विकायची मुभा दिली, तोच हा प्रकार. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फ्शन’ हा खरा उभा मळा. ‘पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग’ हे असं व्यापक नाव. ‘बेर्नकास्टेलर डॉक्टर’ जेमतेम सव्वातीन हेक्टरचा मळा. ‘बेर्नकास्टेलर कुरफ्युर्स्टलाय’मध्ये मात्र कितीतरी गावं येतात. २०२५पर्यंतच्या काढणीच्या बाटल्यांवर लेबलची धाटणी अगदी सारखी, नवख्याला फरक कळणं अशक्य. म्हणून नावं घोकून जा, आणि लेबलवर ‘गुट्सआबफ्युलुंग’ शोधा, म्हणजे ज्याचे मळे त्यानेच बाटलीत भरलेली.

गोडीबद्दलही दुकानदारावर विसंबू नका. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या काढणीवेळी रसात साखर किती होती ते सांगतात. वाइन गोड की कोरडी ते नाही. कोरडी हवी तर ‘ट्रॉकन’ लिहिलेलं बघा. काहीच लिहिलं नसेल तर अल्कोहोल बघा: आठ-नऊ टक्के म्हणजे गोड, बाराच्या आसपास म्हणजे बहुधा कोरडी.

प्यायची असेल तर श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये. बागायतदार स्वतःच्या घरी वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीसपर्यंत आसनांची ही खानावळ चालवतो आणि स्वतःचीच वाइन देतो. दारावर झाडाची डहाळी किंवा केरसुणी टांगलेली दिसली की उघडी आहे. रोख पैसे ठेवा. शाकाहाऱ्यांना ब्रेड, चीज मिळतं, त्यावर भागवा. ब्रेममध्ये काल्मोंटची कोरडी रीझलिंग प्यायलो, पाय थरथरत होते तरी. त्या भागात याहून चांगलं काही प्यायलो नाही.

ट्रियर, बेर्नकास्टेल वगैरे मोझेलकाठच्या गावांतल्या निवांत दिवसांबद्दल कुठेही वाचायला मिळेल. एलरला कोब्लेंत्स–ट्रियर मार्गावरची लोकल थांबते, वेगवान गाड्या थांबतीलच असं नाही. ब्रेमला स्थानक नाही. नदीकाठाने चालत पूल ओलांडून नेफ गाठा आणि तिथून गाडी पकडा. एलरला त्याच कड्यावरून परत फिरू नका. दमलेल्या पायांनी ती मधली घळ दुसऱ्यांदा करण्यात काही शहाणपण नाही.