मुकुटाचा ठसा असलेली ७.६२

हिवाळी अधिवेशन तोंडावर आले की नागपुरात बंदोबस्तासाठी बाहेर पडणारी आमच्या शस्त्रागारातील प्रत्येक रायफल माझ्या टेबलावरून जात असे. त्या सकाळी पश्चिम बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या ७.६२ मिलिमीटरच्या ‘टू ए वन’ रायफलींची रांग समोर होती. त्यांतली एक हातात घेतली आणि बटाच्या पुढच्या लोखंडी सॉकेटवर नजर अडकली. तिथे ‘रायफल ७.६२ एमएम २ए१’ असा ठसा हवा होता. प्रत्यक्षात ब्रिटिश मुकुट, त्याखाली राजाची ‘जी आर आय’ ही अक्षरे आणि १९४२ हे साल होते. म्हणजे बॉडी, ज्यात बोल्ट सरकतो तो मधला सांगाडा, जुन्या थ्री नॉट थ्रीची आणि बॅरल ७.६२ चे. पूर्वी कधीतरी, सुटे भाग एकमेकांत बसतात एवढेच पाहून, कोणीतरी ही जोडणी केली होती.

दिसायला या दोन्ही रायफली सख्ख्या बहिणी आहेत. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने टू ए वन घडवली ती जुन्या मार्क थ्रीच्याच, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्याच, आराखड्यावर. पण जुन्या बॉडीत नवे बॅरल घालून नव्हे, तर अधिक मजबूत पोलाद वापरून नव्याने. ७.६२ च्या काडतुसाचा दाब जास्त असतो, आणि या घराण्यात बोल्टला, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला, अडवणारे दात मागच्या बाजूला असल्यामुळे प्रत्येक बाराला बॉडी किंचित ताणली जाते. शिवाय थ्री नॉट थ्रीचे काडतूस बुडाच्या रुंद कडेवर अडते, तर ७.६२ चे खांद्यावर, म्हणजे ते तोंडाकडे निमुळते होते तिथे, टेकते, त्यामुळे बोल्टपासून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, खांद्यापर्यंतचे अंतर, म्हणजे हेडस्पेस, अचूक राखावे लागते. ब्रिटिशांनी १९७० मध्ये जुन्या रायफलींपासून एल४२ए१ ही ७.६२ ची स्नायपर रायफल केली हे खरे. मात्र त्यांनी निवडली ती ‘नंबर फोर’ या नंतरच्या थ्री नॉट थ्रीची जास्त भक्कम बॉडी, आणि नव्या दाबाची चाचणी घेऊनच ती सेवेत आणली.

मी हेडस्पेस तपासणारा ‘गो’ गेज घातला. बोल्ट बंद झाला, तो व्हायलाच हवा. मग ‘नो गो’ घातला. त्यावर बोल्ट अडायला हवा होता, तो अलगद बसला; म्हणजे अंतर जास्त होते.

रायफल ज्याच्या नावावर होती तो तरुण शिपाई म्हणाला, “साहेब, मागच्या आठवड्यात सरावात हिनंच पाच राउंड मारले जी, काही झालं नाही.”

तो खरेच सांगत होता, म्हणून मी सरावात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी मागवली. त्या मोजून परत करायच्या असल्यामुळे अजून आमच्याकडेच होत्या. टेबलावर ओतल्यावर पाच पुंगळ्या वेगळ्या दिसल्या: बुडाच्या किंचित वर, सभोवार, चकचकीत रेघ. टोक वाकवलेली तार आतून फिरवली, तर नेमकी त्याच रेघेपाशी ती खाचेत अडकत होती. पितळ तिथे ताणून पातळ झाले होते. पुंगळी तिथून तुटली असती, तर तापलेला वायू बोल्टच्या बाजूने थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडावर आला असता. मी तार त्या पोराच्या हातात दिली. एकेक करत त्याने पाचही पुंगळ्या तपासल्या; नंतर तो काही बोलला नाही.

रायफलीला लाल चिठ्ठी बांधून ती वेगळी ठेवली आणि बाहेर गेलेल्या दोन गाड्यांतील शस्त्रेही परत मागवली. यावरून वरिष्ठांशी थोडी वादावादी झाली, पण मी मागे हटलो नाही. रात्री उशिरापर्यंत टॉर्चच्या उजेडात प्रत्येक सॉकेट वाचले. दुसरी तशी रायफल निघाली नाही. त्या दिवसापासून तपासणीच्या नोंदवहीत बॅरलच्या क्रमांकाशेजारी मी सॉकेटवरचा ठसा आणि सालही लिहू लागलो.